मिशनच्या शाळेतील प्रार्थना : कोणाची, किती आणि कोणाच्या संमतीने

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आणि डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमाच्या वेळी मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांमध्ये एक विषय हमखास निघतो. शाळा शिस्तीची आहे, फी झेपणारी आहे, शिकवणेही बरे आहे. पण ती फादर-सिस्टरांची आहे, सकाळी तिथे येशूची प्रार्थना होते, मग मुलाला तिथे घालावे की नाही? या प्रश्नाला अलीकडे बातम्यांचीही जोड मिळाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने, नाताळच्या कार्यक्रमात मुलांना सांताक्लॉजसारखे वेश देण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घ्यावी, असे शाळांना कळवले. एप्रिल २०२४ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, असे त्यांत स्पष्ट लिहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून मिळालेल्या सवलतीबद्दलच शंका उपस्थित केली. या तिन्ही गोष्टी व्हॉट्सॲपवर एकत्र कालवल्या जातात आणि पालकांच्या हाती धास्तीशिवाय काही उरत नाही.

हा लेख दोन-चारशे मुलांच्या छोट्या कॅथलिक हायस्कूलपुरता आहे. अशा शाळेत श्रद्धेचे दोन वेगळे थर असतात. एक थर केवळ कॅथलिक मुलांचा आणि दुसरा सगळ्या शाळेचा. बहुतेक गैरसमज हे दोन थर एकच मानल्यामुळे होतात आणि बहुतेक खऱ्या तक्रारी या दोन थरांमधली सीमा शाळेने नीट न आखल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

कॅथलिक शाळा कोणती आणि कोणती नव्हे

नावावरून फसू नये. नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असलेल्या कितीतरी इंग्रजी शाळा स्थानिक पुढाऱ्यांच्या किंवा व्यावसायिकांच्या संस्था चालवतात आणि त्यांचा कोणत्याही चर्चशी काडीचा संबंध नसतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार, जी शाळा चर्चचा अधिकारी किंवा चर्चची मान्यताप्राप्त संस्था चालवते, अथवा जिला चर्चने तसे लेखी मान्य केले आहे, तीच कॅथलिक शाळा. भारतीय कायद्याच्या दृष्टीने मात्र ती इतर कोणत्याही खासगी शाळेसारखीच असते: संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेल्या संस्थेची, शिक्षण विभागाची मान्यता असलेली आणि राज्य मंडळाची असेल तर दहावीच्या परीक्षेसाठी विभागीय मंडळाला जोडलेली. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके मंडळाची असतात; त्यांत फादरांना एक ओळही बदलता येत नाही.

सगळे ख्रिस्ती लोक कॅथलिक नसतात, हेही ध्यानात घ्यावे. पोपना सर्वोच्च धर्मगुरू मानणारे ते कॅथलिक. सोळाव्या शतकात युरोपात त्यांच्यापासून वेगळे झालेले प्रवाह म्हणजे प्रोटेस्टंट. जालन्याच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवले, ते प्रोटेस्टंट कामाचा भाग होते. कॅथलिक मिशनचा जुना पाया वैजापूर तालुक्यातील घोगरगावच्या बाजूला आहे. मराठवाड्यातील जिल्हे पूर्वी अमरावतीच्या बिशपांकडे होते. १९७७ मध्ये औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, निर्माण झाला.

फादर, सिस्टर आणि त्यांच्या बदल्या

मुख्याध्यापिका सिस्टर चांगल्या होत्या, मग त्यांना काढले का, असा प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या सभेत अनेकदा येतो. त्यांना कोणी काढलेले नसते. सिस्टर आणि अनेक फादर हे संन्यस्त संघांचे सदस्य असतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते त्यांनी घेतलेली असतात आणि संघाने पाठवले तिकडे जाणे हा आज्ञापालनाचा भाग असतो. अनुदानित शाळेत त्यांच्या नावाने निघणारा पगार त्या स्वतःकडे ठेवत नाहीत, तो संघाकडे जातो. हा पगार करपात्र नाही, असा दावा बरीच वर्षे न्यायालयात चालला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, त्यामुळे व्रत काहीही असले तरी पगारातून आयकर कापला जातो. शाळेतील बाकीचे शिक्षक गावातलेच असतात आणि त्यांत हिंदू, बौद्ध, मुस्लिम असे सगळे असतात. मुलांचा रोजचा संबंध त्यांच्याशीच अधिक येतो.

परिपाठात नेमके काय होते

सकाळी घंटा होते, मुले वर्गवार रांगांत उभी राहतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका हे सगळ्या शाळांसारखेच. बिशप परिषदेच्या २०२४ च्या सूचनांमध्ये तर उद्देशिका रोज म्हणवून घ्यावी आणि ती शाळेच्या प्रवेशद्वाराशी लावावी, असे मुद्दाम सांगितले आहे. त्यानंतर सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि यांच्या आधी किंवा मध्ये कुठेतरी प्रार्थना.

ही प्रार्थना दोन प्रकारची असू शकते. एक सर्वसाधारण देवाला उद्देशून असते, तिच्यात येशूचे नाव येत नाही आणि ती कोणत्याही शाळेत खपून जाईल. दुसरी स्पष्टपणे ख्रिस्ती असते, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या धर्तीची. दुसऱ्या प्रकारच्या वेळी रांगांकडे पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो: कॅथलिक मुले उजव्या हाताने कपाळ, छाती, डावा खांदा आणि मग उजवा खांदा असा स्पर्श करून क्रूसाची खूण करतात आणि शेजारची मुले नुसते हात जोडून उभी असतात. मात्र पाचवीत नव्याने आलेली इतर मुलेही काही दिवसांत ती खूण करू लागतात, कारण रांगेत सगळे जे करतात ते करणे हा त्या वयाचा स्वभावच आहे. कित्येकदा हात उलट्या खांद्यावर आधी जातो आणि मागच्या रांगेत खसखस पिकते. यात कोणाचा कट नसतो, पण शिक्षकांनी इथे गप्प बसू नये, असे मला वाटते. ही खूण कोणाची आहे आणि तुम्ही ती करण्याची गरज नाही, एवढे वर्गात एकदा सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत. न सांगितल्यास घरी संध्याकाळी आजीसमोर तीच खूण केली जाते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात चार माणसे उभी राहतात.

धर्मशिक्षण वेगळे, मूल्यशिक्षण वेगळे

आठवड्याच्या वेळापत्रकात एखादी तासिका अशी असते की जिच्यात वर्गाची फाळणी होते. कॅथलिक मुले फादर किंवा सिस्टरांकडे धर्मशिक्षणाला जातात. तिथे बायबलमधील कथा, श्रद्धेची सूत्रे, संस्कारांची तयारी असे विषय असतात. संस्कार म्हणजे चर्च ज्यांना ईश्वरी कृपेची दृश्य चिन्हे मानते असे सात विधी; त्यांत पहिला बाप्तिस्मा. हायस्कूलच्या वयात बहुधा दृढीकरणाची तयारी चालते, म्हणजे लहानपणी आईवडिलांनी जे स्वीकारले ते आता मुलाने स्वतः कळत्या वयात स्वीकारायचे असते. बाकीची मुले त्याच वेळी मूल्यशिक्षणाला बसतात. तिथे खरे बोलणे, रांग मोडू नये, वृद्धांना मदत करावी, मोबाइलचा वापर कसा करावा असे धडे असतात. या दोन्हींपैकी कशाचेही गुण दहावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत.

तक्रार उद्भवते ती छोट्या शाळेत शिक्षक अपुरे असतात तेव्हा. दोन वर्गांना दोन माणसे नसली की सगळ्यांना एकत्र बसवले जाते आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला बायबलमधील दाखले सांगितले जातात. एखाद्या धर्माबद्दल माहिती देणे आणि त्या धर्माचे शिक्षण देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात मान्य केले आहे. दाखला गोष्ट म्हणून सांगितला तर हरकत नसावी. त्यावर ‘म्हणून आपण प्रभूवर विश्वास ठेवला पाहिजे’ असे वाक्य जोडले की सीमा ओलांडली गेली.

प्रार्थना म्हटली की मूल ख्रिश्चन होते का?

नाही, आणि याचे कारण शाळेच्या सौजन्यात नाही, कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमांत आहे. नाथषष्ठीला पैठणकडे निघालेल्या दिंडीबरोबर चार कोस टाळ वाजवत चालणारा माणूस माळकरी होत नाही. माळ घालून घ्यावी लागते, ती घालणारे कोणी असावे लागते आणि त्यानंतरची पाळणूक आयुष्यभराची असते. कॅथलिक होण्याचेही तसेच आहे. त्याला बाप्तिस्मा लागतो. लहान मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या, निदान त्यांपैकी एकाच्या, संमतीशिवाय करू नये, असे चर्चची संहिता सांगते. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा विषय तर थेट बिशपांपर्यंत नेण्याची तरतूद आहे आणि कळत्या वयातील बाप्तिस्म्यापूर्वी दीक्षापूर्व तयारीचा मोठा काळ असतो. बळजबरीने कोणालाही श्रद्धा स्वीकारायला लावण्याची कोणालाही मुभा नाही, हेही त्याच संहितेत लिहिलेले आहे.

शाळेच्या वार्षिक दिनी मिस्सा झाली, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना झाली आणि तिला सगळी शाळा बसली, तरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला पुढे फक्त कॅथलिक मुलेच जातात. इतर मुलाने हात पुढे केला तरी त्याला तो दिला जात नाही. अनेक पालकांना हे ठाऊक नसते आणि आपल्या मुलाला ‘काहीतरी खायला दिले’ अशी भीती त्यांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आपल्याला प्रसाद का मिळाला नाही, म्हणून रुसलेली मुलेच शिक्षकांना अधिक भेटतात.

पण पूर्वी तर शाळा त्यासाठीच काढल्या होत्या ना?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकातील मिशनांच्या दृष्टीने शाळा, दवाखाना आणि धर्मप्रसार ही एकाच कामाची अंगे होती आणि त्यांनी ते लपवलेही नव्हते. त्याच वेळी हेही खरे की, गावच्या शाळेत महार-मांगांच्या मुलांना ओटीवरसुद्धा बसू दिले जात नव्हते, अशा काळात निजामाच्या राज्यातील या कोपऱ्यात कोणीतरी त्यांच्या हाती पाटी दिली. दुष्काळांच्या वर्षांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. श्रद्धा कुठे संपली आणि भूक कुठे सुरू झाली, याचा हिशेब आज मांडता येणार नाही.

बदल झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील बिशपांच्या महासभेने, एकाच दिवशी दोन घोषणापत्रे मंजूर केली: एक शिक्षणाविषयी आणि दुसरे इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयी. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, अशी भूमिका दुसऱ्यात घेतली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्रही आले. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी उपासनेत भारतीय रीती आणण्याचे बारा मुद्दे रोमकडून मंजूर करून घेतले. खेड्यातील चर्चमध्ये लोक चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात, समई लावली जाते, आरती होते, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकले जाते आणि भजने ढोलकी-पेटीवर मराठीत होतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवमध्ये, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथलिक धर्मगुरूंकडे होते. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता आणि संमेलन तरीही पार पडले.

राज्यघटना काय म्हणते

इथे चार अनुच्छेद माहीत असले की पुरे. अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २९ सांगतो की, सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने कोणाला प्रवेश नाकारू नये. अनुच्छेद २५ सगळ्यांनाच सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो. पालकांच्या दृष्टीने सर्वांत कामाचा चौथा, अनुच्छेद २८ चा तिसरा खंड: सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत, विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला त्याच्या संमतीशिवाय भाग पाडता येणार नाही आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ही संमती पालकाची लागते.

या खंडात दोन बारकावे आहेत. पहिला असा की तो केवळ अनुदानित शाळेला लागू आहे असे नाही. नुसती मान्यता असलेल्या विनाअनुदानित शाळेलाही तो बांधून ठेवतो. दुसरा असा की तो केवळ ख्रिस्ती शाळांसाठी नाही. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची अडवणूक झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या अनुच्छेदाच्या आधारे त्याच्या बाजूने निर्णय दिला. ती शाळा मिशनची नव्हती. केरळमधील तीन ख्रिस्ती पंथीय मुलांनी आपल्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गायले नाही, पण ती आदराने उभी राहिली, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराने गप्प उभे राहण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे, ती मुलाला सांगून ठेवावी.

संमती कशी घ्यायची, हे मात्र घटना सांगत नाही आणि अडचण तिथेच आहे. प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला ‘शाळेचे सर्व नियम मला मान्य आहेत’ अशी एक ओळ आणि तिच्याखाली पालकाची सही किंवा अंगठा, एवढ्यावर शाळा समाधान मानतात. ही संमती नव्हे. परिपाठातील प्रार्थना, धर्मशिक्षण आणि मिस्सा या तिन्हींसाठी वेगवेगळ्या ओळी हव्यात आणि पालकाने काहीच खूण केली नाही तर ‘सहभाग नाही’ असा अर्थ घ्यायला हवा. ‘नाही’ लिहिले तर मुलाकडे वाकड्या नजरेने पाहतील, ही भीती खोटी नाही; दोनशे मुलांच्या शाळेत सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यावर उपाय म्हणजे सहभागी न होणाऱ्या मुलांना त्या वेळी बसायला वाचनालय किंवा अभ्यासिका आधीच ठरवून ठेवणे. व्हरांड्यात उभे करून ठेवले तर ती शिक्षा वाटते. बिशप परिषदेने प्रत्येक शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनालय असावे असेही सुचवले आहे. छोट्या शाळेत खोल्याच मोजक्या असतात, त्यामुळे हे किती ठिकाणी जमेल याबद्दल मी साशंक आहे.

बोर्डिंगची गोष्ट वेगळी का आहे

बीड, धाराशिव, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, तशीच काही मिशनांची बोर्डिंगेही आहेत. दिवसाच्या शाळेत प्रार्थना पाच मिनिटांची असते. बोर्डिंगमध्ये दिवसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही प्रार्थनेने होतात. संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी मुली जपमाळेला बसतात: दहा-दहा मण्यांचे पाच गट, प्रत्येक मण्याला एक ‘नमो मरिया’, एक मुलगी अर्धी प्रार्थना म्हणते आणि बाकीच्या उरलेली पूर्ण करतात. ऑक्टोबर महिन्यात तर हे अधिक मन लावून होते. त्यांत ज्या मुली कॅथलिक नाहीत, त्यांनी कुठे बसायचे?

घटनेने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, कारण अनुच्छेद २८ मधील शब्द केवळ संस्थेपुरते नाहीत, ‘संस्थेशी संलग्न जागेतील’ उपासनाही त्यांत येते. म्हणजे बोर्डिंगचा दिवाणखाना आणि आवारातील चॅपल दोन्ही आले. प्रत्यक्षात आईवडील कारखान्यावर असतात, फोन लागला तर लागतो आणि मुलगी त्या घराच्या दयेवर आहे अशीच तिची स्वतःची समजूत असते. अशा ठिकाणी संमतीचा कागद अधिक काटेकोर हवा, कमी नव्हे. ज्या सिस्टर हे जाणतात त्या जपमाळेच्या वेळी बाकीच्या मुलींना सरळ अभ्यासाला बसवतात. भूकंपाच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी केलेले उपकार कितीही मोठे असले तरी त्यांची परतफेड मुलींकडून प्रार्थनेच्या रूपात घेण्याचा प्रश्नच येत नाही.

टिकली, मेंदी आणि हातातला दोरा

सर्वांत जास्त भांडणे धर्मतत्त्वांवरून होत नाहीत, याच गोष्टींवरून होतात. नागपंचमीची मेंदी, हातातला गंडा, कपाळावरचा गंध यांवरून मुलीला वर्गाबाहेर काढले, अशी तक्रार येते आणि तिला लगेच धर्माचा रंग चढतो. कॅथलिक श्रद्धेत टिकलीला बंदी नाही. मराठवाड्यातील खेड्यांत कॅथलिक बायकाही मंगळसूत्र घालतात. मग हा नियम आला कुठून? बहुतेक वेळा गणवेशाच्या शिस्तीच्या जुन्या कल्पनेतून, दागिने नकोत, नटणे नको, सगळे सारखे दिसावेत या हेतूने. हेतू समजण्यासारखा आहे, अंमल नाही. सिस्टरांच्या गळ्यातला क्रूस चालतो आणि माझ्या मुलीचा दोरा चालत नाही, असे पालकाला वाटले की पुढची सगळी समजावणी वाया जाते. नियम करायचा असेल तर तो दोन्हींना लागू असावा. नसेल तर दोन्ही राहू द्यावेत.

सुट्यांबाबत मात्र गैरसमजाला फारसे कारण नाही. राज्यातील शाळांना वर्षभरात ७६ पेक्षा अधिक सुट्या घेता येत नाहीत आणि दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी कमी करून नाताळ, गणेशोत्सव यांसारख्या सणांसाठी समायोजन करण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने मिळते. नाताळाला आठवडाभर सुटी असलेली शाळा दिवाळीत लवकर उघडते, इतकेच.

पंचवीस टक्क्यांच्या यादीत ही शाळा का दिसत नाही

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांसाठी राखीव ठेवल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. म्हणून ऑनलाइन सोडतीत मान्यताप्राप्त अल्पसंख्याक शाळेचे नाव येत नाही. शाळेने लबाडी केली असे नसते. २०१४ च्या या निर्णयाचाच फेरविचार मोठ्या पीठाने करावा, असे सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी सुचवले आणि प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेले आहे. अल्पसंख्याक हा दर्जा शाळा चालवणाऱ्यांचा असतो, विद्यार्थ्यांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत, त्यामुळे मराठवाड्यातील अशा शाळेत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात.

आणि खुद्द कॅथलिक मुलांचे काय?

या सगळ्या चर्चेत ज्यांच्यासाठी शाळा काढली, त्यांचा विचार सहसा होत नाही. वर्गातील चाळीस मुलांत कॅथलिक चार-पाच असतात. भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात येतात. तो दिवस सरकारी सुटीचा नसतो. ‘काय रे, कपाळाला काय लागलंय?’ असे नव्या शिक्षकाने विचारले की मुलगा ओशाळून बाहीने कपाळ पुसतो. मिशनच्या शाळेतही हे घडते, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल.

याहून गुंतागुंतीची बाब शाळेच्या जनरल रजिस्टरची आहे. मराठवाड्यातील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबे मूळची दलित समाजातील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला केवळ हिंदूंना होता; १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती धर्मात गेलेल्यांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नासाठी निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. गावातील जातीची वागणूक मात्र धर्म बदलल्याने बदललेली नसते. विहीर, स्मशान आणि सोयरीक यांचे नियम तेच राहतात.

परिणामी एकाच मुलाच्या दोन नोंदी असतात. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तो जोसेफ, शाळेच्या रजिस्टरवर संतोष आणि धर्म-जातीच्या रकान्यात आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली ‘हिंदू’ पुढे जातीचे नाव अशी नोंद. कोणी मुद्दाम केलेली असते, कोणी गुरुजींनी विचारले नाही म्हणून राहिलेली असते. दहावीनंतर शिष्यवृत्ती आणि प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र काढायची वेळ आली की हा विषय वर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा झालेल्या आणि चर्चला नियमित जाणाऱ्या स्त्रीला अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला, त्यामुळे दोन नोंदींवर निभावून नेण्याचा मार्ग आता जोखमीचा झाला आहे.

शाळेने कोणता रकाना कसा भरावा हे सांगणे मुख्याध्यापकांचे काम नाही. पालक जे कागद देतील त्यानुसार नोंद करणे एवढेच त्यांच्या हाती आहे. पण कोणत्या नोंदीचा पुढे काय परिणाम होतो, हे पालकांना सांगणे त्यांना नक्कीच शक्य आहे, विशेषतः ज्या शाळेत तेच फादर रविवारी मिस्सा करतात आणि सोमवारी दाखल्यांवर सह्या करतात तिथे. रजिस्टरमधील दुरुस्ती मुलगा शाळेत शिकत असतानाच, पुरावे जोडून आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने करून घेणे सोपे असते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते, म्हणून नववीच्या वर्षीच पालकांनी कार्यालयात जाऊन रजिस्टरचा उतारा मागून घ्यावा आणि नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात हे चारही रकाने स्वतः वाचावेत.